बॉनेटवरचा हात

विकायची गाडी माणूस रस्त्याकडे तोंड करून उभी करतो. धुतो, पुसतो, काचेवर मोठी पाटी लावतो. या माणसाने पुठ्ठ्याची पाटी मागच्या चाकाला टेकवून ठेवली होती, तीही कुंपणाच्या आतल्या बाजूने, कुणाला दिसू नये अशी. डॉक्टरणीला ती दिसली, कारण तिच्या दुचाकीची चेन नेमकी त्या कुंपणापाशी उतरली आणि ती शिव्या पुटपुटत चिखलात वाकली.

पाटीवर खडूने लिहिलं होतं – डिझेल. फोर बाय फोर. चार लाख बारा हजार. विकणे.

ती गुरांची डॉक्टर. खात्याने तिच्या नावावर अख्खा डोंगर लिहून दिला होता आणि तो चढायला दिली होती ही दुचाकी. मागच्या आठवड्यात वरच्या मेंढवाड्यावर एक मेंढी अडली. डॉक्टरीण निम्म्या वाटेवर घसरली, उरलेली वाट चालत गेली. पोचली तेव्हा मेंढीही गार होती आणि पोटातलं कोकरूही. मेंढीवाली म्हातारी एक शब्द बोलली नाही, नुसती बघत राहिली. साहेब मात्र बोलले. जमत नसेल तर महिनाअखेरीपासून ऑफिसात बसा, कागद भरायलाही माणूस लागतोच. हे साहेब आयुष्यात एकदाही डोंगर चढले नव्हते, नकाशावर बोट ठेवून तिथल्या वेळा ठरवत होते.

महिना संपायला बारा दिवस होते. बारा दिवसांत तिला गाडी हवी होती, रोज शहरात फिरवता येईल आणि चिखलातही घालता येईल अशी. नवी परवडणार नव्हती. जुन्या तिने पाहिल्या होत्या नऊ. प्रत्येकीचं मीटर ऐंशी हजारांवर येऊन गुमान बसलेलं. जगातली प्रत्येक जुनी गाडी ऐंशी हजारच चाललेली असते, आणि प्रत्येकीचा आधीचा मालक म्हणे म्हातारा मास्तर असतो, फक्त रविवारी बाहेर काढणारा.

"किंमत बरी आहे," ती कुंपणावरून म्हणाली.

शेडमधून एक माणूस बाहेर आला. लेथवर काम करणारा दिसत होता. कोपरापर्यंत ग्रीस, केसांत लोखंडाचा चमचमणारा कीस.

"ती किंमत नाही," तो म्हणाला. "रनिंग आहे."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. विकायच्या गाडीचं खरं रनिंग पाटीवर लिहिणारा एकतर मूर्ख असतो, नाहीतर... पुढचा शब्द तिला पटकन सुचला नाही. तोवर त्याने न विचारता खाली बसून तिची चेन चढवली. बोलताना तो माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, हातांकडे बघे. तिच्या हातांकडे त्याने जरा जास्तच वेळ पाहिलं... किंवा तिला तसं वाटलं.

गाडी आत्ताच दाखवा, ती म्हणाली. तो नको म्हणाला. अंधार पडतोय, डिझेल गाडी अंधारात बघू नये, धूर कुठल्या रंगाचा ते कळत नाही. उद्या आठला या.

रात्री तिने मामाला फोन लावला. मामाची सगळी हयात ट्रकवर गेलेली. तो म्हणाला, पोरी, आधी बॉनेटला हात लाव, मग माणसाशी बोल. डिझेलची दुखणी थंडीत बाहेर पडतात. बॉनेट गरम लागलं तर समज, तू यायच्या आधी तापवून ठेवलीय. तशीच माघारी फिर.

सकाळी आठला तिने हात लावला. गरम होतं. कोमट नव्हे, चांगलं गरम.

गाडीपेक्षाही त्या पाटीवर तिने विश्वास टाकला होता.

"तापवून ठेवलीत," ती म्हणाली.

त्याने फडक्याला हात पुसले.

"थंडीत सुरू होत नाही ना? मग पाटीवर तेही लिहायचं. बाकीचं लिहायला खडू पुरला, एवढ्यालाच संपला?"

"तुम्हाला तसं वाटत असेल तर तसं."

"निदान भांडा तरी."

"कशाला?" तो तिच्या हातांकडे बघत म्हणाला.

ती तणतणत निघाली. कुंपणापाशी मात्र उगीचच मागे वळून पाहिलं. पकडला गेलेला माणूस ओशाळतो, चिडतो. हा मोठं ओझं उतरल्यासारखा उभा होता आणि त्याचा तळहात गाडीवर होता, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. जनावरं विकताना असा हात तिने शेकडो वेळा पाहिला होता. तो हात लबाडाचा नसतो.

म्हणून ती दुसऱ्या दिवशी न सांगता गेली. पावणेसातला.

धुकं एवढं होतं की शेड दिसत नव्हती. ती कुंपणाच्या फटीतून आत शिरली, बॉनेटवर हात ठेवला. बर्फ. बोटांना दव लागलं.

"चोरायची असेल तर सातच्या आत न्या," मागून आवाज आला. "सातला मी सुरू करतो."

तो खांद्यावर घोंगडी टाकून उभा होता, हातात किल्ली.

"मग करा सुरू," ती म्हणाली. "माझ्यादेखत."

त्याने तिला शेजारच्या सीटवर बसवलं. किल्ली अर्धी फिरवली. समोर एक पिवळा दिवा लागला.

"तो विझेपर्यंत थांबायचं," तो म्हणाला. "आत गरम होतंय. घाई केली की रुसते."

"माणसांचंही असं दिवा लावून कळलं असतं तर बरं झालं असतं."

पहिल्यांदाच तो हसल्यासारखा झाला... आणि लगेच सावरला. दिवा विझला. त्याने किल्ली पुढे फिरवली. गाडी खोकली, अंगभर थरथरली, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि सुरू झाली. पहिल्याच झटक्याला. चार लाख बारा हजार किलोमीटरचं इंजिन ते. घशात खरखर होती, पण छाती शाबूत होती.

आणि घराच्या बंद खिडकीतून आवाज आला. टक. टक.

"कोण आहे?"

"थोरला भाऊ," तो म्हणाला. आणि मग, तिने काही विचारायच्या आत, हळूच म्हणाला, "तो रोज ऐकतो."

थोरला खिडकीला लागून पलंगावर पडून होता. पलंगाला लोखंडी कठडा, बोटात एक जाड अंगठी. तेवढं एक बोट त्याचं चालत होतं, तेच तो कठड्यावर वाजवे. आधी पाय गेले, मग हात, आता आवाजही वाटेला लागलेला. हीच गाडी घेऊन त्याने वीस वर्षं डोंगरातली एकही वाट सोडली नव्हती. गाडीचं नाव त्याने ठेवलं होतं घोरपड, चढाला चिकटली की सुटत नाही म्हणून. धाकट्याला तो मुक्या म्हणे.

"हा मुक्या तुम्हाला काही सांगणार नाही," थोरला श्वास घेत घेत म्हणाला. "मी सांगतो. चार गिऱ्हाइकं आली. चारही जणांनी बॉनेटला हात लावला आणि गेली. हा बाहेर गप्प. मी आत पडून ऐकतोय."

"दादा, तुझ्यासाठीच सुरू करतो ना मी सकाळी."

"सुरू करतोस माझ्यासाठी. गप्प बसतोस ते स्वतःसाठी. तुला विकायचीच नाहीये."

मुक्या खाली बघत राहिला. थोरल्याने मान तिच्याकडे वळवली. तेवढ्यालाही त्याला वेळ लागला.

"मी असेपर्यंत ही गेली पाहिजे. मी गेल्यावर हा तिला शेडमध्ये कुरवाळत बसेल आणि ती जागेवर गंजेल. माझ्यासारखी. तुम्ही गुरांच्या डॉक्टर ना? मग खरं बोला. माणसांचे डॉक्टर माझ्याशी लहान मुलाशी बोलल्यासारखे बोलतात. मी बरा होणार आहे?"

बाहेर घोरपड एका लयीत धडधडत होती.

"नाही," डॉक्टरीण म्हणाली.

मुक्या झटक्यात वळला, बाहेर गेला. थोरला मात्र खुदखुदला. खोकला येईपर्यंत हसला.

"हिलाच द्यायची," तो म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी ते दोघं जुन्या खाणीत गेले. रिमझिम चालू होती. मुक्या बोलत नव्हता. चढाच्या तोंडाशी त्याने तिला खाली उतरायला लावलं. पुढच्या चाकांच्या मधोमध एकेक गोल चकती होती. चिखलात शिरायच्या आधी ती हाताने फिरवून बसवायची, दोन्ही बाजूंची. ती नाही बसवली तर आत बसून फोर बाय फोरचा दांडा कितीही ओढा, पुढची चाकं पाहुण्यासारखी नुसती सोबत येतात, काम करत नाहीत.

"एक तुम्ही फिरवा, एक मी," तो म्हणाला.

तिची चकती फिरेना. बोटं ओली, चकती चिखलाने भरलेली. तो वळसा घालून आला. तिच्या बोटांवर बोटं ठेवून त्याने जोर दिला. कट्. चकती बसली. बोटं मात्र लगेच उचलली गेली नाहीत. त्याचीही नाहीत, तिचीही नाहीत.

"त्याला तसं सांगायला नको होतं," तो म्हणाला.

"त्याने विचारलं."

"मी दोन वर्षं बरा होशील म्हणतोय."

"आणि तो दोन वर्षं तुमच्यासाठी विश्वास ठेवल्याचं नाटक करतोय. दमला असेल."

ती गाडीत चढली, दांडा ओढला आणि चिखलाच्या चढाला घोरपड लावली. चाकं रुतली, रडली, दगड फेकत वर निघाली. वर पोचल्यावर तिने हँडब्रेक ओढला.

"घाबरलात?"

"मेंढ्यांची बाळंतपणं करते मी. घाबरणं परवडत नाही."

"हात थरथरतायत."

"मग बघू नका ना हातांकडे... कधीतरी वर पण बघा."

त्याने वर पाहिलं. पाऊस काचेवरून ओघळत होता. मग दोघांनाही एकदमच वायपरचा बिघाड आठवला आणि ते त्याबद्दल बोलू लागले.

किंमत दोन वाक्यांत ठरली. किल्ली घेताना मात्र तिचा हात अडला. उद्यापासून सातला त्या खिडकीशी काय वाजणार होतं?

"मी येत जाईन," ती म्हणाली. "सातला. डोंगराचा रस्ता इकडूनच आहे."

"इकडून नाहीये. अकरा किलोमीटरचा वळसा पडतो."

"माझी गाडी कुठून जाते ते मी ठरवीन."

आणि ती येत गेली. साडेसहाला निघायची, सातला खिडकीखाली गाडी उभी करायची, इंजिन चालू ठेवूनच. पहिल्या दिवशी तिला धाकधूक होती की थोरल्याला आवडेल की नाही. त्याने तिला आत बोलावलं. म्हणाला, आता ही तापलेली वाजते, थंडीतली खरखर गेली. पण बरंय. कुठून तरी आल्यासारखी वाजते.

मुक्या रोज बाहेर यायचा, चहाचा पेला बॉनेटवर ठेवायचा आणि शेजारी आपला तळहात.

"गरम आहे," तो म्हणायचा.

"मग काय, ढकलत आणू?" ती म्हणायची.

रोज तेच. आणि रोज दोघं त्याची वाट बघायची.

महिना संपला. कागदांची खुर्ची दुसऱ्या कुणाच्या नशिबी गेली. वरच्या वाड्यावर तिने जुळी कोकरं सोडवली, आणि ती मुकी म्हातारी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, गाडी छान आहे. डॉक्टरीण ते सांगायला संध्याकाळीही वळसा घालून आली. मुक्याने सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून एक पितळी गोळा काढला. दांड्याची मूठ होती. लेथवर कातून, घासून आरशासारखी केलेली.

"जुनी मोठी होती," तो म्हणाला. "दादाच्या हाताची. तुमचा हात लहान आहे."

तिने मूठ हातात घेतली. बोटं मिटली, नखाएवढी फट उरली नाही.

"माप कधी घेतलंत?"

"घेतलं नाही... बघितलं."

आतून टकटक आली. थोरला कसाबसा ओरडत होता. "मी मरेपर्यंत तुम्ही-तुम्हीच करणार का दोघं?"

त्या दिवसापासून तू झालं. त्यापुढे काही झालं नाही. शेजारच्या खोलीत माणूस थोडा थोडा संपत असताना आपण कुणाचा हात धरावा, याची मुक्याला लाज वाटत होती. तिला ते दिसत होतं. ती थांबली. पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, हे तर त्यानेच शिकवलं होतं.

थंडी वाढली तसा थोरल्याचा आवाज गेला. मग अंगठीचं बोट गेलं. तेव्हापासून इंजिनाच्या उत्तराला मुक्या आतून टकटक करू लागला. टक. टक. म्हणजे दादाने ऐकलं.

एका सकाळी तिने गाडी उभी केली आणि टकटक आली नाही.

तिने थोडी रेस दिली. थांबली. पुन्हा दिली. खिडकी बंदच.

मग तिने इंजिन बंद केलं.

घर माणसांनी भरलं. दोन वर्षांत ज्यांना पत्ता सापडला नव्हता, त्या सगळ्यांना त्या दिवशी बरोब्बर सापडला. आत्या, चुलते, चुलत्यांची मुलं. सुटला बिचारा, असं प्रत्येकजण म्हणत होता. सुटले होते ते, आता विचारपूस करायची कटकट संपली म्हणून. डॉक्टरीण दिवसभर चहा करत, पाणी देत राहिली. एका काकूने ही कोण म्हणून विचारलं. कुणीतरी म्हणालं, गाडी घेतली तिने. काकू हं म्हणाली.

संध्याकाळी मुक्या तिला कुंपणापर्यंत सोडायला आला. बराच वेळ पायाखालची खडी बघत राहिला.

"खूप केलंत तुम्ही," तो म्हणाला. "आता रोज एवढा वळसा घालायची गरज नाही."

तुम्ही. गरज नाही. तिला थोबाडीत बसल्यासारखं झालं. भांडायचं तिच्या रक्तात होतं, पण मेल्या माणसाच्या दारात कुणाशी भांडणार? "बरं," ती म्हणाली आणि निघाली.

नऊ दिवस ती सरळ रस्त्याने गेली. रोजचे अकरा किलोमीटर वाचले आणि त्यांचं काय करायचं ते तिला कळेना. वरच्या म्हातारीकडे लवकर पोचून ती गाडीतच बसून राही. चिखल आला की उतरून दोन्ही चकत्या एकटीनेच फिरवी, आधी एक, मग पुढून वळसा घालून दुसरी. दांडा ओढताना ती पितळी मूठ तिच्या मुठीत येई आणि ती स्वतःवरच चिडे.

दहाव्या दिवशी उजाडायच्या आधी तिला जाग आली. गाडी वळशाच्या रस्त्याला लागली तेव्हा तिने स्वतःला एवढंच सांगितलं, नुसतं बघून यायचं. उतारावरच इंजिन बंद करून तिने गाडी आवाज न करता कुंपणाच्या अलीकडे, धुक्यात, घरंगळत आणली. तेव्हा साडेपाच झाले होते.

आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण अडकलो. निघायचं तर गाडी सुरू करावी लागणार. सुरू केली की त्याला ऐकू जाणार. रिकाम्या पलंगाशेजारी तो आवाज ऐकून त्याचं काय होईल? ती किल्लीला हात लावायची आणि काढून घ्यायची. सहा वाजले. काचेवर आतून वाफ धरली. सात वाजले. खिडकी बंदच होती. पाय बधिर झाले. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पुढे जाता येईना आणि मागेही येता येईना, आणि गाडीत तर काडीचाही दोष नव्हता.

पावणेआठला घराचं दार वाजलं. मुक्या बाहेर आला. दाढी वाढलेली, खांद्यावर तीच घोंगडी. धुक्यातला आकार बघून तो थबकला. मग सरळ चालत आला. तिने काच खाली केली.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

तो पुढे गेला आणि त्याने बॉनेटवर तळहात ठेवला. पत्र्यावर दव जाड साचलं होतं. तो हात तसाच ठेवून उभा राहिला, बराच वेळ. मग काचेतून तिच्याकडे पाहिलं. हातांकडे नाही, तिच्याकडे.

"थंड दगड झालाय," तो म्हणाला. "दोन तास तरी झाले."

तिने समोरच्या काचेवरची वाफ बाहीने पुसली.

"खोटंच बोलायचं होतं, तर तापवून ठेवायचीस."

तिला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. तिने दोन्ही आवरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "सुरू केली असती तर तुला ऐकू गेलं असतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला सहन होणार नाही."

"मी रोज साडेसहाला त्याच्या खिडकीशी जाऊन बसतो." त्याचा आवाज लेथखाली सापडल्यासारखा खरडत होता. "दहा दिवस. आज येईल आवाज, आज येईल... सात वाजून जातात. मग उठतो."

"गरज नाही कोण म्हणालं होतं?"

"तू दादासाठी येत होतीस. तो गेला. कुठल्या तोंडाने बोलवू तुला?"

"पहिले आठ दिवस त्याच्यासाठी आले मी. फक्त आठ. पुढचं सगळं तुझ्यासाठी होतं, गाढवा. हाताचं माप न घेता समजतं तुला, आणि एवढं समजत नाही?"

नाव उगीच मुक्या ठेवलं नव्हतं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. ती वाट बघत राहिली. धुक्यात कुठेतरी एक पक्षी दोनदा ओरडून गप्प झाला.

"सुरू कर," शेवटी तो म्हणाला.

तिने किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला. दोघंही त्या दिव्याकडे बघत थांबली. तो विझला, तिने किल्ली पुढे फिरवली. घोरपड खोकली, थरथरली, पांढरा धूर सोडून सुरू झाली. थंडीतली खरखर. थोरल्याला आवडायची ती.

खिडकीकडे दोघांनीही पाहिलं. तिथून काही आलं नाही. येणार नव्हतंच.

मग मुक्याने बोट वाकवून बॉनेटवर वाजवलं. टक. टक.

आणि तळहात परत पत्र्यावर टेकवला. तो तिच्याकडे बघत उभा होता, डोळे वाहत होते, पुसत नव्हता. बॉनेट तापेपर्यंत त्याने हात उचलला नाही.